एक नंबर बताइए

बाबा, आज बैठकीत मी तुमचा विषय काढला. काढायचा नव्हता. जयपूरजवळ चाकसूकडच्या अंगणवाड्यांत मुलांना सकाळी जास्तीचा आहार देतात. त्याने वजन वाढतंय का, हे पाहायचं काम माझ्याकडे आलंय. सगळ्या मुलांना तोलणं जमत नाही, म्हणून काही गावं निवडून तिथली मुलं तोलली. वजन वाढलेलं दिसलं, पण किती वाढलं याचं उत्तर एका आकड्यात बसेना. खालचं टोक जवळजवळ शून्याला टेकलेलं, वरचं टोक छान भरघोस. या दोन टोकांमधल्या पट्ट्याला हिंदीत 'विश्वास अंतराल' म्हणतात, आणि मी शहाणीने तेच शब्द पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले होते. आहार चालू ठेवायचा की बंद करायचा, हे साहेबांच्या सहीवर होतं. त्यांनी चष्मा वर सरकवून वाचलं आणि म्हणाले, "विश्वास में अंतराल? मतलब मॅडम, आपको खुद ही अपने आंकड़े पर पूरा विश्वास नहीं है?" सगळे हसले. "पक्का एक नंबर बताइए. नहीं तो मान लेते हैं कि फायदा नहीं हुआ." माझे कान तापले. तुम्हाला कधी राग आलेला मी पाहिला नाही, तेव्हा हा नक्की आईकडून आलाय.

आणि तेवढ्यात मला तुमची खिडकी दिसली. जानेवारीचं धुकं, जयपूर जंक्शनची चौकशीची खिडकी, आणि शाळा सुटल्यावर आतल्या स्टुलावर पाय हलवत बसलेली मी. बाहेरून माणसं काचेवर नाणी वाजवतायत. गाडी कधी येणार? तुम्ही सांगता, "डेढ़ घंटा भी लग सकता है, तीन भी." एक जण भडकतो, "अरे भैया, एक टाइम बोलो ना! तनख्वाह किस बात की लेते हो?" तुम्ही परत तेच सांगता, तेवढ्याच हळू आवाजात. मला तर तुमचीच लाज वाटते. एकच वेळ सांगून मोकळे का होत नाही, असं मी विचारलं होतं. "अगं, एकच सांगितली की माणूस तीच धरून बसतो," तुम्ही म्हणालात. "आधीची सांगतो ती कुणी लांब जाऊ नये म्हणून. नंतरची सांगतो ती लेकराबाळांना खाऊ घालून घ्यावं म्हणून." घरी मात्र ही विद्या चालत नसे. जेवायला कधी येणार म्हटलं की तुम्ही तसंच दोन टोकांचं उत्तर द्यायचात, आणि आमची भुसावळची आई लाटणं आपटून म्हणायची, "ती खिडकी स्टेशनवर ठेवून येत जा. पोळ्या कधी लाटू ते बोला!"

तर मी पडदा बंद केला आणि म्हणाले, "सर, मेरे बाबा कहते हैं..." मग तुमची सगळी खिडकीच त्यांना सांगितली. खालचं टोक सांगतंय की फायदा कदाचित अगदीच थोडा असेल, तेव्हा गाजावाजा करून सगळ्या जिल्ह्यात हे एवढ्यात नेऊ नका. वरचं टोक सांगतंय की फायदा मोठाही असू शकतो, तेव्हा पोरांच्या पुढची वाटी काढून घेऊ नका. सिद्ध झालं नाही याचा अर्थ झालंच नाही, असा होत नाही. आणखी गावांत मुलं तोलू द्या, पट्टा अरुंद होईल, मग ठरवा. "और तब भी एक नंबर नहीं आएगा?" साहेबांनी विचारलं. "नहीं सर. दोनों सिरे थोड़े पास आ जाएंगे, बस." पुन्हा सगळे हसले, या वेळी मीही. साहेबांनी पेन उघडलं. सही करता करता म्हणाले, "ठीक है, चलने दो. अगली बार ज्यादा बच्चे तौलिए." बाबा, मला तिथेच रडू येणार होतं. कसंबसं आवरलं.

उठताना साहेब म्हणाले, "बड़ी अच्छी बात बताई. आपके बाबा आजकल कहाँ हैं?" मी 'कहते हैं' म्हणून गेले होते ना. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमचं बोलणं माझ्या तोंडी अजून वर्तमानातच येतं, मराठीत काय आणि हिंदीत काय. खरं ते सांगायला हवं होतं. सकाळपासून एकाही गोष्टीची पक्की खात्री न देणारी मी, जराही न अडखळता म्हणाले, "खातीपुरा में. घर पर ही रहते हैं." मग त्यांनी जे सांगितलं त्याला मी मान डोलावून "जी, जरूर" म्हणाले आणि बाहेर पडले.

हे पत्र मी टाकणार तरी कुठे? टेबलावरच पडून राहील. पण हो म्हणून आलेय, तेव्हा निरोप सांगायलाच हवा. बाबा, साहेबांनी तुम्हाला नमस्ते सांगितलंय.