डीकनला गुरं दाखवताना

३ मार्च
बाबा एकदा म्हणाले होते, घोड्याला गाय शिकवते, आपण वर बसून गप्प राहायचं. तेव्हा मी शाळेत होते. आज डीकनच्या पाठीवर खोगीर टाकताना ते आठवलं. म्हणजे मुळात फारसं काही करायचंच नाहीये. हे मला जमण्यासारखं आहे.

डीकन तीन वर्षांचा झाला. आईच्या घोडीचं शेवटचं शिंगरू. धाकटा भाऊ क्लेटन न्याहारीला म्हणाला, मे महिन्यात वासरांना मालकीची खूण डागतात त्या डागणीपर्यंत हा गुरं हाकायला शिकला तर ठेवू, नाहीतर विकायला ट्रेलरमध्ये घालू. बसून खाणारं एक तोंड घरात आहेच, म्हणाला. माझ्याकडे बघून. मी अंडी उलटत होते. हसले.

संकल्प : रोज सकाळी सराव. घाई नाही, चिडचिड नाही.

९ मार्च
बर्फ. सराव हुकला. घाई न करण्याचा संकल्प मात्र पाळला.

१७ मार्च
सुंदर दिवस! शेजारचे ऑर्विल आले होते. आमच्या भागातले निम्मे घोडे त्यांनीच तयार केलेत. त्यांच्या कळपातला एक सुस्त गोऱ्हा घेऊन आले. म्हणाले, तो चालला की चाल, थांबला की थांब. घोड्याला वाटलं पाहिजे की गोऱ्ह्याला आपणच हाकलतोय. डीकन कान पुढे करून मागे गेला. गोऱ्हा बाजूला सरला, तसा डीकन स्वतःच दचकला, आपण हे केलं? मला रडूच आलं.

आणखी एक फेरी मारणार होते, तर ऑर्विल म्हणाले, उतर आता पोरी, पोट भरलं की ताटावरून उठावं. आणि वासरू असलेल्या गाईजवळ यंदा जायचंच नाही, ती एकदा अंगावर धावून आली तर याचा जीव कायमचा धास्तावेल. वयाने माणूस फार जपून वागायला लागतो, मी मनात म्हटलं.

२ एप्रिल
डीकनची प्रगती अपेक्षेपेक्षा पुष्कळ पुढे. गोऱ्ह्यांचा त्याला कंटाळा आलाय, असं मला वाटतं.

११ एप्रिल
क्लेटन जवळच कुंपणाची तार ओढत होता. बघू दे त्याला, म्हणून डीकनला तांबड्या गाईकडे नेलं. वासरू कालचंच होतं. डीकन छान गेला. मग गाय मान खाली घालून धावून आली.

मी चिखलात. डीकनच्या छातीला खरचटलंय. क्लेटनने त्याला धरून आणलं. म्हणाला, बाबा सांगायचे तेच झालं, शिकवलं की गाईने!

डीकन विसरेल. घोडे विसरतात.

१९ एप्रिल
गुरांचा वास आला तरी थरथरतो. आज खंबीर झाले. चाबूक वापरला. मग त्याच्या मानेवर डोकं टेकून माफी मागितली. अगदी स्तब्ध उभा होता. त्याने समजून घेतलं असावं.

४ मे
ऑर्विलचा फोन. डीकन कसा आहे? मी म्हटलं, उत्तम.  मग ते म्हणाले, आमच्या डागणीला तुमच्या म्हाताऱ्या घोड्यावर ये, कच्चा घोडा मी आवारात घेत नाही, कुणाचाच नाही. मी म्हटलं, अर्थात!

संकल्प : डीकनलाच न्यायचं. इतर घोड्यांच्या संगतीत त्याला धीर येईल. आणि सगळ्या शेजाऱ्यांनी पाहिल्यावर क्लेटनला शब्द फिरवता येणार नाही.

१४ मे, संध्याकाळ
डागणीला पोचले तसं ऑर्विलनी डीकनला पाहिलं. चारचौघांत मला बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, कुंपणाबाहेर थांब. थांबले होते. मग फाटक उघडलं गेलं आणि मला वाटलं, हीच वेळ. जरासंच आत.

ऑर्विलनी घोड्यावरून फास टाकलेलं वासरू हंबरत आमच्यासमोर आलं. डीकन गर्रकन वळला आणि ताणलेल्या दोरावरच धावत गेला. ऑर्विल तेव्हा दोराचा वेढा खोगिराच्या मुठीला देत होते. दोर आवळला तेव्हा त्यांचा अंगठा मध्ये होता.

ते ओरडले नाहीत. घोड्यावरून उतरून खाली पडलेला हातमोजा स्वतः उचलला, आत बघितलं आणि बायकोच्या हातात दिला. ती गाडी काढायला पळाली. निम्मी वासरं डागायची राहिली.  डागणीचं जेवण तयार होतं, कुणीतरी माझ्या हातात ताट दिलं. मी ते सगळं खाल्लं.

१६ मे
अंगठा जोडता आला नाही.

क्लेटन म्हणतो, परवा ट्रेलर निघेल. गुरांना घाबरणारा घोडा आमच्याकडे कोण घेणार? एकच गिऱ्हाईक आहे, तो घोडे वजनावर घेतो, मांसासाठी. क्लेटन हे ओरडून म्हणाला असता तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाला. कॉफीही त्यानेच ओतून दिली.

१७ मे
संकल्प नाही.

आज डीकनपाशी गेले तेव्हा तो तबेल्याच्या टोकाला जाऊन उभा राहिला. गुरांपासून नाही, माझ्यापासून लांब. गाईने एकदाच मारलं होतं. बाकीचे दिवस मी होते.

उद्या सकाळी, ट्रेलर निघायच्या आत, त्याला घेऊन ऑर्विलकडे जाणार आहे. बायको दार उघडेल, आत ये म्हणणार नाही. ते ओसरीवर येतील, हाताला पट्टी असेल. जमलं तर मी त्या हाताकडे बघेन. मग विचारेन, याला तुमच्याकडे ठेवून घ्याल का? कामाला लावू नका, त्या सुस्त गोऱ्ह्याबरोबर चरायला सोडा फक्त. मी परत न्यायला येणार नाही.