मागचं डावं दार

आण्णा, त्या रविवारी तुम्ही मला गाडीत बस म्हणालात आणि मी बसले नाही, याचं मला आजही वाईट वाटत नाही. तुमच्या तोंडावर बोलायला मी कधी भ्यायले नाही, पण मी बोलायला लागले की तुम्ही पान्यांची पेटी आवरायला घ्यायचात. आता कुठे जाल? आता ऐकाच.

एकाहत्तर-बाहत्तरचे दिवस. तिसगावच्या फाट्यावर आपलं पत्र्याचं गॅरेज, मागे लिंब. नवऱ्याचा मार खाऊन मी माहेरी आले ती परत जाणार नाही असं सांगूनच आले होते. तुम्ही म्हणालात, राहू दे चार दिवस. त्या चार दिवसांचं वर्ष झालं. मोटारीच्या दाराच्या आत तुमचा जाड पंजा शिरायचा नाही, म्हणून एकदा वैतागून तुम्हीच म्हणालात, "तू घाल गं हात." तेव्हापासून अडकलेली दारं माझी झाली. शिकवलंत तुम्हीच. हँडल लुळं पडून हलत असेल तर आतली सळई निसटली. जड लागत असेल, सोडल्यावर जागेवर येत नसेल, तर दार धरून ठेवणाऱ्या खटक्यात घाण. आणि ही घाण कुठून यायची ते आपल्या दोघांनाही ठाऊक होतं. शिंगणापूरला जाऊन आलेली माणसं देवाला वाहून उरलेलं तेल बाटलीतून परत आणायची आणि गाडीला काही होऊ नये म्हणून चारी दारांच्या कुलपांत सोडायची. वर आपल्याकडची धूळ. त्याचा खटक्यात असा लगदा व्हायचा की नखाने खरवडून काढावा लागे. गिऱ्हाइकाने विचारलं की तुम्ही म्हणायचात, "जुनी झाली गाडी." तेलाचं नाव काढायचा नाहीत.

त्या रविवारी सासरे भाड्याची अँबॅसिडर घेऊन मला न्यायला आले. वाटेत दर्शन करून आले होते, कपाळाला शेंदूर होता. मला कुणी विचारलं नव्हतं. आईने माझं बोचकं आधीच बांधून ठेवलेलं पाहिलं आणि समजले, तुमचं आतून ठरलेलं होतं. तुम्ही मागचं डावं दार उघडायला गेलात तर ते उघडेना. ड्रायव्हर म्हणाला, "दर शनिवारी देवाचं तेल घालतो की वो, तरी बी आडाकतंय."

मला हसू आलं, आवरलं नाही. म्हटलं, "तेलानंच आडाकतंय. ज्या देवाच्या गावात घराला दार न्हाई, त्याचं तेल कुलपात कशाला वततायसा?"

"त्वांड आवर!" तुम्ही ओरडलात. "देवाच्या तेलाला नावं ठिवतीस? त्या बाजूच्या दारानं बस, जा."

मी पेटीतून स्क्रू ड्रायव्हर घेतला, रॉकेलची कुपी आणि डबा घेतला आणि उजव्या दाराने खरंच आत गेले. सासरे खूश. "बसली बगा. म्हन्लं न्हवतं?" तुम्ही मान खाली घातलीत. आणि मी आत उकाड्यात बसलेय, काच खाली करायचं हँडल काढतेय, दाराला आतून लावलेला पुठ्ठा सोडवतेय, कोपरापर्यंत हात घालून खटक्यावर रॉकेल मारतेय. काळं पाणी ओघळून डब्यात पडतंय. दाराचं हँडल मागे-पुढे करत राहते, आधी जड, मग जरा सैल, मग तो आवाज येतो, टक्. खांद्याने ढकललं, आणि ज्या दारातून तुम्ही मला आत घालणार होतात त्याच दारातून मी बाहेर आले.

"मामा, दार झालं मोकळं," मी सासऱ्यांना म्हणाले. "उद्या कुनी म्हनायला नको, दार उघडंना म्हून ऱ्हायली. मला यायचं न्हाई म्हून येत न्हाई."

त्यांनी जाताना ते दार आपटलं. अगदी बेतशीर लागलं.

तुम्ही म्हणालात, "नाक कापलंस माजं." एवढंच. मग तो काळ्या रॉकेलचा डबा उचललात. मला वाटलं गटारात ओताल. तुम्ही लिंबाखाली गेलात, बुंध्याशी हळू ओतलंत आणि पाया पडल्यासारखा हात कपाळाला लावलात. त्या रॉकेलात देवाचं तेल होतं, आणि तेच खटक्यात बसलं होतं, हे तुम्हाला माझ्याइतकंच माहीत होतं. मग चारचौघांत माझ्या बाजूने एक शब्द का नाही काढलात? दुसऱ्या दिवशी तुम्ही पान्यांची पेटी माझ्या पुढ्यात सरकवलीत. आई म्हणायची, त्यांनी माफ केलं तुला. मला माफी नको होती आण्णा, मी चुकलेच नव्हते. मला तुमचा तो एक शब्द हवा होता.

तुम्ही गेल्यापासून गॅरेज माझं आहे. आता गाड्यांच्या दारांची कुलपं बटणावर चालतात, दारात मोटर असते. पण तेल तेच आणि धूळ तीच. बटण दाबलं की मोटर नुसती घुरघुरते, कुलूप सुटत नाही. मी प्रत्येकाला तोंडावर सांगते, देवाचं तेल देवाला वाहा, कुलपात घालू नका. काही जण रागावून जातात. जाऊ देत.

हे पत्र तुमच्या पान्यांच्या पेटीच्या तळाशी पडून राहील. त्यात एक गोष्ट लिहायची राहिली. रॉकेलाने तो लिंब कधीच वाळला, आता नुसता खुंट आहे. पण खटका धुतला की काळं पाणी मला गटारात ओतवत नाही. मी डबा उचलते आणि त्या खुंटाशी नेऊन ओतते.