तिसरी सीडी

बाबा, तुमच्या भजनांच्या तिन्ही सीड्या मी घरातल्या जुन्या मोबाइलमध्ये घेतल्या. घरातला सीडी प्लेयर बंद पडला. लालबागला दुरुस्तीवाल्याकडे नेला तर तो म्हणाला, ताई, याचे पार्ट आता येत नाहीत, ठेवून द्या आठवण म्हणून. आठवण ठेवायला जागा कुठे आहे? चाळ पाडली, तिच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये आम्हाला घर मिळालं. आई माझ्याजवळ असते. तिला सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही, पण तुमच्या बारीतलं, म्हणजे भजनाच्या कार्यक्रमातलं, कुठलं भजन कुठल्या भजनानंतर येतं ते ती झोपेतसुद्धा सांगेल. मी ऑफिसला गेले की तिला सांभाळणाऱ्या मावशी असतात. दिवसभर तिला काहीतरी ऐकायला लागतं, आणि टीव्हीवरच्या भांडणांनी ती घाबरते. म्हणून ऑफिसातल्या एकीकडून सीडी वाचणारा ड्राइव्ह मागून आणला आणि रविवारी बसून तिन्ही सीड्या उतरवून घेतल्या. सीड्यांच्या पेटीवर नाव एकच होतं, तेच मी तिन्हींना दिलं. मोबाइलला जोडलेल्या स्पीकरमधून तुमचा आवाज आला तेव्हा आईने पदर सारखा केला, जणू तुम्ही दारातून आत येताय.

त्या पेटीची गोष्ट तुम्हाला मी काय सांगणार! गिरणी बंद पडली, तुम्ही वॉचमनच्या नोकरीला लागलात, पण भजनी मंडळात तुम्ही बुवाच राहिलात. तुमचा आवाज जपून ठेवायचा म्हणून मंडळींनीच ती तीन सीड्यांची पेटी काढायचं ठरवलं होतं. शिवाजी पार्कच्या मागच्या गल्लीतली ती रेकॉर्डिंगची खोली मला अजून दिसते. भिंतींना गादीसारखं कापड लावलेलं, पंखा बंद, सगळे घामाने निथळतायत. दादा मृदंग मांडीवर घेऊन बसलाय, तुम्ही हार्मोनियमच्या पेटीवर. काचेपलीकडचा माणूस हात वर करतो आणि तुम्ही नेहमीच्या सवयीने लेकाला, दादाला म्हणता, "हां, वाजय रे झिला." तो माणूस वैतागून म्हणतो, "बुवा, बोलू नका, ते पण रेकॉर्ड होतंय." तुम्ही मान डोलावता आणि पुढच्या भजनाला पुन्हा तेच म्हणता. दादा हसू दाबतोय, त्याचे खांदे हलतायत. शेवटी त्या माणसाने हात टेकले आणि ते तसंच राहू दिलं. दोन सीड्या झाल्या. तिसरी दिवाळीनंतर करू म्हणून आपण वडापाव खाऊन घरी आलो. मृदंग दादाच्या खांद्यावर होता आणि तो माझ्या पुढे चालत होता.

दिवाळीच्या आधी त्याला कावीळ झाली. आई म्हणत होती हॉस्पिटलात दाखवा. तुम्ही म्हणालात, काविळीवर डॉक्टरकडे काय औषध आहे, गावाला आपल्या माणसाकडे मुळी मिळते, माझी कावीळ त्यानेच उतरवली होती. तुमची उतरली होती हे खरंच होतं. तुम्ही त्याला गावाला नेलंत. परत आणलंत तेव्हा त्याचे डोळे हळदीसारखे झाले होते आणि तो मला ओळखताना अडखळला. मग हॉस्पिटल, मग ती कॉरिडॉरमधली बाकडी. डॉक्टर तुम्हाला बाजूला घेऊन काय म्हणाले ते तुम्ही आम्हाला कधी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. स्मशानातून परत आलात तेव्हा आई दारात उभी होती. अख्खी चाळ ऐकत होती. ती म्हणाली, "तुमच्या झाडपाल्यान माझ्या झिलाक खाल्ल्यान." तुम्ही मोरीत जाऊन पाय धुतलेत आणि किती तरी वेळ धूतच राहिलात.

आणि महिनाभरात तुम्ही तिसरी सीडी करायला निघालात. त्या सकाळी आई चुलीसमोर, म्हणजे गॅससमोर, पाठ करून उभी आहे. तुम्ही शर्टाची बटणं लावताय. ती न वळता विचारते, "खंय चललात?" तुम्ही सांगता. तिच्या हातातलं उलथणं थांबतं. "पोर जावन महिनो नाय झालो आणि तुमका गाणा सुचता?" तुम्ही म्हणता, "अर्ध्यार कसा सोडू? त्याचोच हात आसा त्याच्यात." तुम्ही गेल्यावर तिने तुमच्यासाठी थापलेली भाकरी उचलून कावळ्याला टाकली. सीड्यांची पेटी घरात आली तेव्हा तिने मला एवढंच बजावलं, दोन लावायच्या, तिसरी ह्या घरात वाजता कामा नये. तुम्ही हे ऐकलंत आणि पेपर वाचत राहिलात. पुढे तुम्ही जाईपर्यंत ती तुम्हाला वेळेवर जेवायला वाढत होती, आजारपणात तुमचे पाय चेपत होती. बोलत मात्र होती ती गॅस संपला, पाणी आलं, एवढंच. तुम्ही गेलात त्या दिवशी ती रडली, पण ते कोणासाठी, ते मी तिला विचारलं नाही.

आता झालं ते सांगते. सोमवारी मी ऑफिसला जाताना मावशींना मोबाइल लावून दिला. तिसरी त्यात असली तरी ती सगळ्यात शेवटी येईल आणि दोन तास झाले की मावशी पुन्हा पहिल्यापासून लावतील, असा माझा हिशोब होता. संध्याकाळी आले तर मावशी दारातच म्हणाल्या, "ताई, आज आजी जेवल्या नाहीत. सारख्या उठून आतल्या खोलीत बघून येतायत." आई पलंगाच्या कडेला बसली होती, पाय खाली सोडून. मला बघून म्हणाली, "चेडवा, तुझो दादा खंय जाता गो मधीच? वाजयता, वाजयता आणि उठान जाता."

मला कळेना. मग मी ऐकत बसले. पहिलं भजन, दादाचा मृदंग. दुसरं, मृदंग. तिसऱ्याला नुसती पेटी आणि टाळ, आणि तुमचा आवाज जमिनीखालून आल्यासारखा. मग पुन्हा मृदंग. मृदंगाशिवायची ती तिसरी सीडी होती; मोबाइल हातात घेतला तेव्हा उलगडा झाला. प्रत्येक सीडीवरच्या पहिल्या भजनाला एक नंबर असतो, दुसऱ्याला दोन. तिन्ही सीड्यांना नाव एकच आणि कितवी सीडी ते लिहायचा चौकोन मी रिकामा सोडलेला, त्यामुळे मोबाइलने तिन्हींवरची पहिली भजनं ओळीने लावली, मग तिन्हींवरची दुसरी. आईच्या कानांत दादा दिवसभर जिवंत होत होता आणि दर तिसऱ्या भजनाला मरत होता. तिला तो मेल्याचं आठवतं कधी कधी. त्या दिवशी किती वेळा आठवलं असेल, कोण जाणे.

मी जेवण बाजूला ठेवून स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडला. एकेका भजनाला एक, दोन, तीन असा सीडीचा नंबर घातला. मग तिसरीचं नावच बदलून तिचा वेगळा अल्बम केला, म्हणजे ती चुकूनही पाठोपाठ वाजणार नाही. आईने घातलेला नियम मी मोबाइललाही शिकवला. पुढचे काही दिवस बरे गेले. दोन सीड्या फिरून फिरून वाजायच्या आणि आई मांडीवर ताल धरायची. मग ती मावशींना म्हणायला लागली, त्याका जेवक वाढा, वाजवून दमलो आसतलो. तिच्या ताटाशेजारी दुसरं ताट मांडायला लावायची आणि ते भरलेलं ताट उचलताना मावशींच्या डोळ्यांना पाणी यायचं. मीच हे करून ठेवलं होतं. दादाला मी मरू देत नव्हते, आणि तो जेवायला येत नव्हता.

मग एका शनिवारी, मी मेथी निवडत होते, आई अगदी पूर्वीच्या आवाजात म्हणाली, "ह्येंनी तीन केल्ल्यो. तिसरी खंय?" मी म्हटलं, "आई, तूच नको म्हणालीस." ती म्हणाली, "म्हटलंय आसतलंय. लाव." मी लावली. ती सरळ बसून ऐकत होती, एकही प्रश्न न विचारता. चौथ्या भजनाआधी तुम्ही पेटीवर सूर धरलात आणि म्हणालात, "हां, वाजय रे झिला."

आणि पुढे काहीच नाही, बाबा. पेटीचा भाताही थांबलेला. कुणीतरी खाकरलं. मग खूप वेळाने तुम्ही एकट्याने भजन उचललंत. तुम्ही ते कापायला का नाही सांगितलंत?

आईने डोळे मिटले होते. म्हणाली, "थांबले ते." थोड्या वेळाने पुन्हा, "माका वाटलेला, ह्येंका कायच वाटाक नाय." तिने माझा हात धरला. मेथीची पानं आमच्या दोघींच्या हातांत चुरगळली. इतक्या वर्षांत तिच्या तोंडून तुमच्याबद्दल असं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं, आणि ते ऐकायला तुम्ही नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती ते सगळं विसरली. चहा पिताना तिने विचारलं, तुझे बाबा कामावरून आले नाय अजून? मी पुन्हा तिसरी लावली. यावेळी तुम्ही थांबलात तेव्हा ती खिडकीतून खाली गाड्या बघत होती. त्यानंतरही दोनदा लावून पाहिली. आता तर ती तुमचा आवाजही ओळखत नाही, कोण बुवा, बरे गातत, एवढंच म्हणते. म्हणून तिने एकदा तुमच्याबद्दल जे म्हटलं ते कुठेतरी राहावं, यासाठी हे लिहायला बसले. हे वाचणारं कुणी नाही, मलाही ते ठाऊक आहे. कागद घडी करून सीड्यांच्या पेटीत सारते आणि पेटी माळ्यावर टाकते.

एक राहिलं. तिन्ही सीड्या मी पुन्हा एका नावाखाली आणल्या, नंबर नीट घातले. त्यात कोणी काय वाजवलं ते लिहायलाही जागा असते. हार्मोनियमपुढे तुमचं, टाळांपुढे टाळकऱ्यांचं नाव लिहिलं. तिसऱ्या सीडीवर मृदंग नाही, पण त्या जागी मी दादाचं नाव लिहिलंय.