भावाची भूमिका

२२ नोव्हेंबर, रविवार दुपार

ती. दादास,
नमस्कार. खोकला कमी झाला का? गुडघ्यांचं विचारत नाही, तू 'बरे आहेत' एवढंच लिहिणार.

आमच्या मंडळींनी यंदा एक जुनं रशियन नाटक बसवलं. दिग्दर्शन माझं. त्यात घडत फारसं काही नाही. एक भाऊ घर सांभाळत राहतो, बाकीचे त्याच्या जिवावर शहरात मोठे होतात. चहा होतो, निघायच्या गोष्टी होतात आणि बघता बघता सगळ्यांचं जगायचं राहून जातं.

भाऊ झाले होते आमचे चष्मेवाले. कोपऱ्यावर दुकान आहे त्यांचं. पाठांतर चोख, पण भांडणाचा प्रवेश काही केल्या रंगेना. एकदा तालमीत मध्येच थांबून म्हणाले, "बाई, हा नेमका चिडतो कुणावर?"

मी म्हटलं, "त्याला ठाऊकच नाही, कुणामुळे राहून गेलं ते."

"मग कुणीतरी सांगायला हवं."

"साठी उलटली त्याची. आता सांगून काय होणार?"

"निदान नेमक्या माणसावर चिडेल तरी."

सगळे हसले. मी तालीम आटोपती घेतली.

काल संध्याकाळी प्रयोग झाला. त्या प्रवेशात चष्मेवाले ओरडलेच नाहीत. सामानाच्या पेटीवर बसले आणि वाक्यं अगदी हळू म्हणाले, हिशोब चुकल्याचं उशिरा कळावं तशी. मी विंगेत उभी होते, तिथून मला बघवेना.

दादा, आईचं अंग लुळं पडलं त्या वर्षीचं सांगते. तिला बघायला नर्सबाई यायच्या. मी परत निघाले त्या दिवशी त्या बसथांब्यावर आल्या आणि तुझ्यासाठी चिठ्ठी दिली. समोर बोलायचा धीर होत नाही, म्हणाल्या. मी बसमध्ये ती वाचली. त्यांची बदली झाली होती. तू हो म्हणालास तर बदली नाकारणार होत्या, आईचं दोघं मिळून करू, शनिवारपर्यंत कळवा, असं लिहिलं होतं.

मला नाटकात पहिलं मोठं काम तेव्हाच मिळालं होतं. तुझा संसार सुरू झाला की आईला माझ्याकडे धाडशील, अशी भीती वाटली. चिठ्ठी पर्समध्येच राहिली. पुढच्या आठवड्यात तू फोनवर विचारलंस, "नर्सबाई न सांगता गेल्या गं. तुला काही बोलल्या होत्या का?"

मी नाही म्हटलं. तूही पुन्हा कधी विषय काढला नाहीस.

त्या आता कुठे असतात, मला माहीत नाही. चिठ्ठी सोबत पाठवते आहे. फाडायचाही धीर झाला नव्हता.

पुढच्या शनिवारी मी येते आहे. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव.

इतकी वर्षं पत्राखाली 'तुझी लाडकी' लिहीत आले. आज नुसतं,

बेबी