आईनं शिवलेली झोळी

प्रिय दिव्यानी,

फोन सोडून बाबा पत्र काय लिहीत बसले, म्हणून हसू नकोस. फोन आला की तुझी आई स्पीकर लावून शेजारी बसते आणि हे तिच्यासमोर बोलता येत नाही. आत्ता ती नळावर गेली आहे.

मोहफुलं वेचताना बाया लेकरांच्या झोळ्या झाडाला बांधतात आणि एक बाई राखणीला बसते, हे तुला सांगायला नको. तूही तशीच वाढलीस. यंदा वाघ फिरतो आहे, म्हणून शेजारच्या मोनालीनं हट्टच धरला की राखणीला सुगंधाबाईच हव्यात, म्हणजे तुझी आईच. तिचा स्वतःच्या सासूवरही एवढा भरवसा नाही. मागच्या आठवड्यात मोनालीचं लेकरू झोळीत निजवून बाया फुलं वेचत पांगल्या आणि तुझी आई टोपलं उचलून सरळ घरी आली. पाय धुतले, अंगणात फुलं वाळत घातली. मला वाटलं, लेकरू मोनालीकडे असेल. तेवढ्यात आई घरी गेल्याचं कुणाकडून ऐकून मोनाली परस्पर धापा टाकत आली, "बाई, माह्यं लेकरू कुठी हाय?" आई शांतपणे म्हणाली, "मले काऊन इचारून राह्यली?"

आम्ही धावत सुटलो. माकडं खेकसत होती, म्हणजे वाघ जवळच होता. लेकरू झोळीत गाढ झोपलेलं होतं. मोनाली तेव्हापासून आमच्या अंगणात येत नाही.

आईला चंद्रपूरला नेऊन आणलं. डॉक्टर म्हणाले, विसरणं हे लक्षण आहे, कारण शोधावं लागतं. थायरॉईड, बी-बारा कमी असणं, मन खचणं, यांनीही माणूस विसरतो आणि ते औषधानं सुधारतं. मेंदूच झिजत असेल तर मात्र फारसं हाती नसतं. रक्ताचा रिपोर्ट यायचा आहे. जन्मात पहिल्यांदा मी देवाकडे आजार मागतो आहे, थायरॉईडच निघू दे म्हणतो. फार भीती वाटते गं.

तुझी रजा संपली की बाळाला आईजवळ ठेवून कामावर जायचं, असं ठरलं होतं. ठेवू नकोस. बाळाला घेऊन ये, आईच्या मांडीवर दे, पण निघताना सोबत ने. कारण काहीही सांग, खरं सांगू नकोस. तिनं बाळासाठी जुन्या लुगड्याची झोळी शिवायला घेतली आहे, रोज थोडी शिवते. काल सुई थांबवून तिनं मला विचारलं, "हे कोनासाठी शिवून राह्यली जी मी?"

तुझाच,
बाबा