सुगतने उभे राहून काय वाचावे, याबाबत

मी सुमनबाई मंगरू रामटेके, वय एकाहत्तर, सेवानिवृत्त आरोग्यसेविका, राहणार आंधळगाव, तालुका मोहाडी, जिल्हा भंडारा, माझ्यामागे माझ्या मिळकतीचे काय व्हावे ते या कागदाने ठरवून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. राग आहे, पण तो जुना आहे, म्हणून त्याला क्षणाचा संताप समजू नये.

१. राहते घर, भांडी व शिलाई मशीन मुलगी तृप्ती हिला.

२. गाडी. माझे पती मंगरू यांचे हृदय अशक्त झाले, दर पंधरवड्याला भंडाऱ्याला न्यावे लागे, म्हणून २०२१ साली गाडी घ्यायचे ठरले. तृप्तीने तीन आठवडे बसून गाड्यांच्या विश्वासार्हतेची मानांकने जमवली, ओळखीच्या गाडीमालकांना फोन केले आणि सगळे तीन कागदांवर उतरवले. पुतण्या सुगत हसला. "ताई, तारे मोजून गाडी घेतेस काय? दिसते कशी ते पाह्य."

ती म्हणाली, "दिसते कशी ते नाही पाहून राहिली मी. तीन वर्षांत किती जणांची रस्त्यात बंद पडली, ते पाहून राहिली."

तिने निवडलेल्या साध्या पांढऱ्या गाडीला पाचापैकी साडेचार तारे होते. सुगतच्या पसंतीला दोन, आणि शेरा असा की गिअरबॉक्स तापून गाडी अडते. पण तिच्या छताला उघडणारी काच होती आणि सुगतचे लग्न महिन्यावर आले होते. तीच घेतली. त्याची वरात तिच्यातूनच निघाली.

चेकवर सही माझी आहे. "जाऊ दे नं, त्याले गाड्यांतलं समजते," असे मीच तृप्तीला म्हणाले. एवढा दोष माझ्या नावावर राहू द्यावा.

१४ मे २०२३ रोजी दुपारी मंगरूंच्या छातीत कळ आली. तृप्ती गाडी चालवत होती. वरठीच्या अलीकडे गाडी अडली. पुढे जाईना, मागे सरेना. कारखान्याची पाळी सुटून येणाऱ्या कामगारांनी मोटारसायकली आडव्या लावून एक टेम्पो थांबवला व मंगरूंना उचलून आत ठेवले. तोवर पाऊण तास गेला होता. दवाखान्यात पोचेपर्यंत ते गेले होते.

त्यांच्या मृत्यूनंतरच्या विधीला, पुण्यानुमोदनाच्या दिवशी, बुद्धविहारात सर्वांसमोर सुगत म्हणाला, "ताईले गाडी झेपतच नव्हती. तिनंच गिअर बिघडवला." तेव्हापासून तृप्तीने स्टेअरिंगला हात लावलेला नाही.

वर्षभराने त्याच गाडीच्या कप्प्यात मला गॅरेजचा लेखी अहवाल सापडला. गिअरबॉक्सचा मूळ दोष, चालवणाऱ्याची चूक नाही. तारीख पुण्यानुमोदनाच्या दोन दिवस आधीची. कागद मिळाल्याची सही सुगतची. मी त्याला काही विचारले नाही. कागद घडी करून पेटीत ठेवला.

सबब ती गाडी सुगतला.

३. तलावाखालची दीड एकर धानाची शेती सुगत कसतो व आपलीच समजतो. ती त्याला मिळेल, एका अटीवर. माझ्या पुण्यानुमोदनाला त्याच विहारात त्याने उभे राहून तृप्तीचे तीन कागद व गॅरेजचा अहवाल पूर्ण वाचावा, आणि शेवटी म्हणावे, "हे मले तेव्हाच माहीत होतं." पुटपुटल्यास वाचले असे धरू नये. माझी मैत्रीण चंद्रकला बोरकर हिला या मृत्युपत्राची व्यवस्थापक नेमते. तिने शेवटच्या रांगेत बसावे व ऐकू आले की नाही ते ठरवावे. न वाचल्यास शेती तृप्तीची.

४. पोस्टातली ठेव तृप्तीला, तिच्या गाडीसाठी. निवड तिची. घरातल्या कोणी सल्ला दिल्यास तिने ऐकू नये.

५. हे कलम आज मोहाडीच्या नोंदणी कार्यालयात बसून हाताने लिहीत आहे. सकाळी बसथांब्यावर सुगत भेटला. "मोठी आई, बसनं कायले जाता? मी सोडतो," म्हणाला. मोटारसायकलवर सांभाळून आणले, पायऱ्या चढताना हात धरला. आता बाहेर थांबला आहे. मन बदलते का ते चहा पिईपर्यंत पाहिले. वरील मजकूर कायम.

ठिकाण : मोहाडी
दिनांक : ६ नोव्हेंबर २०२५

सही : सुमनबाई मंगरू रामटेके

आमच्यासमक्ष वाचून सही केली :
१. कैलाश मेश्राम, आंधळगाव
२. चंद्रभागाबाई गजभिये, आंधळगाव