भेळेच्या कागदावरचा भाडे कायदा

मास्तर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी भेळ घेतली की मी आधी पुड्याचा कागद वाचते. आजही वाचला आणि एकटीच हसले.

नगरच्या कोर्टाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये तुमचं टाइपरायटरचं टेबल होतं. मी तुमच्या हाताखाली नवीन, शहाणपण मात्र उतू चाललेलं. तेव्हाचा भाडे कायदा कायमचा नव्हता. मुदत संपत आली की विधिमंडळ ती वाढवून द्यायचं, आणि तोवर भाडेकरूंचा जीव टांगणीला. त्या वर्षी दोन दिवस उरले तरी बातमी नव्हती. भाडेकरूंचे अर्ज तुम्ही आधीच टाइप करून ठेवायचात. वर कायद्याचं नाव, खाली नावगावासाठी मोकळी जागा. संपत आलेल्या कायद्याचे कागद कशाला सांभाळायचे, म्हणून मी तो सगळा गठ्ठा गुपचूप भेळवाल्याला देऊन टाकला.

त्याच दुपारी शिवणकाम करणारी एक बाई आली. कायदा संपला की परवा तुझं सामान रस्त्यावर, असा तिला घरमालकाने दम दिला होता. तुम्ही चहाला गेला होतात. परत येता तेव्हा ती शेडमधून निघालेली.

"ताई, कुठं निघाला?"

ती माझ्याकडे बघते. "पानी प्यायला."

"आधी बसा," म्हणून तुम्ही तिचं सगळं ऐकून घेता. "मुदत संपली न्हाई अजून. आज कायदा हाय म्हंजे हाय." मग मला म्हणता, "अर्ज काढ."

"उंदरांनी कुरतडले," मी ठोकून दिलं.

तुम्ही टाइपरायटरवर कोरा कागद चढवलात. तुमची बोटं इतकी भरभर चाललेली मी पुन्हा कधी पाहिली नाहीत. वकिलांची सही घेऊन पाचच्या आत अर्ज दाखल झाला.

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवरच्या रेडिओने सांगितलं, मुदत वाढली. ती बाई तिथेच फतकल मारून बसली, हसता हसता रडली. माझ्याही छातीवरचं ओझं उतरलं. तुम्ही सगळ्यांना भेळ सांगितलीत. पुडा उघडलात, चिंचेच्या पाण्याखाली तुमचंच टाइपिंग. मी माझा पुडा पाठीमागे लपवला.

"नगरचे उंदीर लई हुशार. अर्ज कुरतडत न्हाईत, पुडे बांधत्यात," म्हणालात आणि ठसका लागेपर्यंत हसलात. मग स्वतःची खुर्ची मला दिलीत. "बस. गठ्ठा परत तयार कर."

बाईने ती खोली शेवटपर्यंत सोडली नाही. तिथेच मुलीचं लग्न केलं, तिथेच म्हातारी झाली. रस्त्यात भेटली की माझी विचारपूस करायची, आणि मी मान खाली घालायची.

तुम्ही हसलात म्हणून मी सुटले आणि दुसरी गोष्ट गिळून टाकली. आता हे पत्र टाकायचं तरी कुठे, म्हणून लिहून टाकते. ती पाणी प्यायला निघाली नव्हती, मास्तर. "कायदाच राहत नाही, सामान बांधायला लागा," असं सांगून मीच तिला परत पाठवलं होतं.